यानाच्या भिंतीवरून उडणारे शिंतोडे

खानापूर तालुक्यात आषाढात कौलारू घराच्या पडवीत बसले, की अंगावर येणारे पाणी बहुधा थेट आभाळातले नसते; पागोळीचा थेंब दगडी पायरीवर आपटून फुटतो आणि त्याचे शिंतोडे आत येतात. वैश्विक किरणांचे, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या वेगवान कणांचे (बहुतेक प्रोटॉनांचे), शास्त्रही दीर्घकाळ थेंबाऐवजी हवेवर आपटून उडालेले असे शिंतोडेच मोजत आले.

व्हिक्टर हेस यांनी १९१२ मध्ये बलूनमधून पाच हजार मीटरांहून वर जाऊन हे प्रारण अवकाशातून येते, असे दाखवले. एका वेगवान इलेक्ट्रॉनपासून पदार्थात इलेक्ट्रॉन, पॉझिट्रॉन (धन भाराचे इलेक्ट्रॉन) आणि गॅमा किरणांची सर कशी कोसळते, याचे गणित होमी भाभा आणि जर्मन भौतिकशास्त्रज्ञ वॉल्टर हाइटलर यांनी १९३७ मध्ये मांडले. पुढे महायुद्धामुळे भारतातच राहिलेल्या भाभांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत हेच संशोधन चालवले.

यान वातावरणाबाहेर गेले तरी शिंतोडे चुकत नाहीत, कारण प्रोटॉन यानाच्याच अ‍ॅल्युमिनियमवर आदळून न्यूट्रॉन आणि गॅमा किरण उडवतात. चंद्राच्या मातीतूनही वैश्विक किरणांच्या माऱ्याने गॅमा किरण निघतात आणि त्यांवरून मातीतली मूलद्रव्ये ओळखता येतात. पण हा संकेत यानाच्या गोंगाटात बुडू नये म्हणून अपोलो १५ आणि १६ या मोहिमांत गॅमा किरण टिपणारा शोधक सुमारे साडेसात मीटर लांबीच्या दांड्यावर बाहेर काढला गेला. उपाय साधा होता, आणि माझ्या मते म्हणूनच उत्तम.

२८ सप्टेंबर २०१५ रोजी सोडलेल्या अ‍ॅस्ट्रोसॅट या भारतीय खगोल उपग्रहावरील क्ष-किरण उपकरणाला असा दांडा नव्हता. त्याच्या १६,३८४ चित्रबिंदूंवर ताऱ्याचे फोटॉन (प्रकाशकण) सुटेसुटे येतात, तर यानावर आदळलेल्या एका कणाचे शिंतोडे काही मायक्रोसेकंदांत झुंडीने नोंदले जातात. ही माहिती बंगळूरहून पुण्याच्या ‘आयुका’ या खगोल संशोधन संस्थेत पोहोचते आणि तिथे अशा झुंडी वेळेवरून ओळखून वगळल्या जातात. मात्र कात्री जपून चालवावी लागते, कारण शेजारच्या दोन चित्रबिंदूंवर एकाच क्षणी उमटलेली जोडी पुष्कळदा एकाच विखुरलेल्या फोटॉनची असते, आणि क्ष-किरणांचे ध्रुवण (त्यांच्या कंपनाची दिशा) मोजायला नेमक्या त्याच जोड्या लागतात.