२०० अंश तव्याचे आणि २०० अंश हवेचे

उघड्यावर स्वयंपाक करण्यासाठी गॅसवर चालणारी एक जोडशेगडी मिळते. तिच्यात वर लांबरुंद सपाट तवा, म्हणजे ग्रिडल, असतो आणि त्याच्या खाली किंवा बाजूला एअर फ्रायरचे, म्हणजे पंख्याने गरम हवा फिरवून पदार्थ शिजवणारे, एकदोन कप्पे असतात. सिलिंडर एक, सांगाडा एक आणि बटणेही एकाच रांगेत, त्यामुळे वापरणाऱ्याची अशी समजूत होते की हे दोन्ही भाग म्हणजे एकाच कामाच्या दोन जागा आहेत. वर गर्दी झाली की उरलेले खाली सरकवावे आणि खाली वेळ लागू लागला की वर घ्यावे. मग तक्रार ठरलेली असते: तवाही २०० अंशांवर होता, कप्पाही २०० अंशांवर होता, तर एकीकडचे करपले आणि दुसरीकडचे पांढरेच कसे राहिले? हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे, आणि त्यावर ‘आच वाढवा’ एवढेच उत्तर दिले जाताना इतक्या वेळा पाहिले आहे, की त्याचे कारण एकदा सविस्तर मांडणे मला आवश्यक वाटते.

तव्याविषयी फारसे सांगण्याची गरज नाही. जाड पोलादी पत्रा, खाली बर्नर, वर तेलाचा पातळ हात आणि हातात उलथणे, हे ज्याला ठाऊक नाही असा वाचक विरळाच. एवढेच सांगतो की ग्रिडल आणि ग्रिल हे शब्द अदलाबदलीने वापरू नयेत. ग्रिलला जाळी असते आणि तिच्यावरचा पदार्थ मुख्यतः खालून येणाऱ्या धगीवर भाजला जातो. ग्रिडल सपाट असते आणि तिच्यावरचा पदार्थ धातूच्या स्पर्शाने भाजला जातो.

खरा घोटाळा आहे तो ‘२०० अंश’ या आकड्यात. तापमान म्हणजे वस्तू किती तापली आहे याचे माप. तिच्याजवळ देण्यासारखी उष्णता किती आहे आणि ती किती वेगाने हातची सुटेल, हे तो आकडा सांगत नाही. २०० अंशांच्या ओव्हनमध्ये आपण हात घालतो, आतले भांडे नीट ठेवतो आणि हात सुखरूप बाहेर काढतो. त्याच ओव्हनच्या जाळीला बोट नुसते टेकले तरी फोड येतो. हवा आणि जाळी यांचे तापमान जवळपास सारखेच असते. फरक असा, की एवढ्या तापमानाला पोलादाचा एखादा तुकडा जेवढी उष्णता धरून ठेवतो, तेवढी धरायला त्याच्या सुमारे ५,००० पट आकारमानाची हवा लागते.

हे एकदा ध्यानात आले, की दोन्ही जागी पदार्थाचे काय होते ते आपोआप उलगडते. थंड तुकडा तव्यावर पडताक्षणी त्याच्या खालच्या पत्र्यात साठलेली उष्णता त्याच्यात शिरू लागते. तुकड्याचा तळ कधीच पूर्ण सपाट नसतो. त्याच्या आणि पत्र्याच्या मधल्या बारीक फटी तेल भरून काढते आणि उष्णतेला वाट करून देते. तव्यावरच्या तेलाचे मुख्य काम हेच, न चिकटू देणे हे त्यानंतरचे. ही उष्णता एवढ्या वेगाने येते की तळाचा पातळ थर झपाट्याने कोरडा होतो, १४० अंशांच्या पुढे जातो आणि तांबूस होऊ लागतो. त्या वेळी वरची बाजू अजून ओलीच असते. म्हणून तव्यावर पदार्थ उलटावा लागतो, आणि म्हणूनच बाहेरून खरपूस व आतून रसदार हे तव्याला सहज जमते.

कप्प्यातल्या हवेजवळ असा साठा नसतो. पदार्थाला लागलेली हवा आपली चिमूटभर उष्णता देते आणि लगेच थंड होते. तीच हवा तिथे रेंगाळली तर पदार्थाभोवती थंड, दमट हवेचे एक पातळ पांघरूण तयार होते आणि बाहेर कितीही अंश असले तरी आतपर्यंत फारसे काही पोहोचत नाही. हे पांघरूण सतत ओढून काढणे आणि त्या जागी ताजी गरम हवा आणणे हे पंख्याचे काम आहे. एअर फ्रायरचा प्राण त्याच्या पंख्यात आहे. बर्नर नुसता हवा तापवून देतो. म्हणून गॅसवर चालणाऱ्या या शेगडीतही पंख्यासाठी वीज लागतेच, आणि ती नसेल तर कप्पा एअर फ्रायर राहत नाही, साधी भट्टी होतो. ‘गॅसची आहे, मग वीज कशाला?’ असे विचारणाऱ्याला हा भेदच कळलेला नसतो.

यात पाण्याचा हिशेबही आला. एक किलो पाणी शून्य अंशापासून उकळीपर्यंत न्यायला सुमारे ४२० किलोज्यूल उष्णता लागते, पण त्याच उकळत्या पाण्याची वाफ करायला आणखी सुमारे २,२६० किलोज्यूल लागतात. पदार्थाचा पृष्ठभाग ओला आहे तोवर त्याचे तापमान १०० अंशांच्या वर फारसे चढत नाही, आणि तोवर तो तांबूसही होत नाही. तवा हा अडथळा एका बाजूने, धक्का मारून पार करतो. हवा तो सगळ्या बाजूंनी, सावकाश, वाफ वाहून नेत पार करते. परिणामी तव्यावर खरपूसपणा येतो आणि कप्प्यातल्या जाळीदार टोपलीत कुरकुरीतपणा येतो. या दोन शब्दांचा अर्थ एक नाही. खरपूस म्हणजे भाजलेले, कुरकुरीत म्हणजे वाळलेले. एखादा पदार्थ दोन्ही असू शकतो, पण तव्यावर आधी पहिले घडते आणि हवेत आधी दुसरे.

सगळ्या व्यावहारिक चुका इथूनच निघतात. पातळ पिठात बुडवलेला तुकडा थेट जाळीदार टोपलीत ठेवणे ही त्यांतली सर्वांत त्रासदायक. तव्यावर किंवा तापलेल्या तेलात पीठ टेकताच आवळते, कारण दोघांजवळही उष्णतेचा साठा असतो. हवा त्याला तेवढ्या वेगाने आवळू शकत नाही, म्हणून पीठ जाळीतून गळते आणि खाली जळते. टोपलीसाठी कोरडे आवरण हवे: ब्रेडचा चुरा किंवा कोरडे पीठ, आणि त्यावर तेलाचा हलका हात. हे तेल वगळू नये. तव्यावर ते पदार्थ आणि धातू यांच्या मधल्या फटी भरते; टोपलीत धातूशी भिडण्याचा प्रश्न नसतो, तिथे ते कोरड्या आवरणावर पसरते, त्याला सारखी आच लागू देते आणि रंग व चव आणते. ‘बिनतेलाचे तळण’ ही जाहिरातीची भाषा मला मुळीच मान्य नाही. तळणे म्हणजे तापलेल्या तेलात शिजवणे, आणि तेल सारख्याच आकारमानाच्या गरम हवेच्या २,००० पटींहून अधिक उष्णता धरते. फिलिप्सने २०१० मध्ये एअरफ्रायर या नावाने आपले उपकरण बाजारात आणले आणि ते नाव सगळ्या जातीलाच चिकटले. प्रत्यक्षात ही जोरदार पंख्याची छोटी भट्टी आहे. तिला भट्टी म्हणून वागवले तर ती फार चांगले काम करते.

गर्दी दोन्हीकडे वाईट, पण कारणे वेगळी आहेत आणि उपायही वेगळे. तव्यावर एकदम भरपूर थंड माल पडला की पत्रा निवतो, सुटलेले पाणी साचते आणि भाजण्याऐवजी पदार्थ आपल्याच पाण्यात शिजू लागतो; तिथे आच वाढवून किंवा अर्धा माल थोडा वेळ बाजूला घेऊन निभावता येते. टोपलीत गच्च भरले तर हवेला जायला वाटच उरत नाही, आणि तिथे आच वाढवणे निरुपयोगी असते: वरचे करपते, मधले उकडते. टोपलीत एकच थर असावा, तुकड्यांमध्ये फट असावी आणि अधूनमधून टोपली हलवावी. तळाशी फॉइल पसरून जाळीची भोके बुजवणारे लोक तर एअर फ्रायर विकत घेऊन तो स्वतःच बंद करतात.

या गोंधळात इन्फ्रारेड थर्मामीटरचाही हात आहे. पिस्तुलासारखे ते उपकरण पृष्ठभागाचे तापमान मोजते, हवेचे नाही. तेलाचा काळा थर धरलेल्या तव्यावर त्याचा आकडा भरवशाचा असतो, नव्या चकचकीत पत्र्यावर तो खऱ्यापेक्षा कमी येतो, आणि कप्प्यात रोखले तर कळते ते फक्त भिंतीचे किंवा टोपलीचे तापमान. असे मिळालेले दोन आकडे शेजारी मांडून तुलना करणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की तव्यावर आकडा पाहावा आणि टोपलीत पदार्थाचा रंग पाहावा, व मांस असेल तर त्याच्या मध्यभागी सुई खुपसून आतले तापमान मोजावे.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. तवा गरम असतानाच खरवडून पुसायचा आणि तेलाचा हात द्यायचा, टोपली साबणाने धुवायची. वारा तव्याला जास्त छळतो, कारण तो उघडा असतो. तवा तापायला वेळ घेतो, पण तापल्यावर हवा तितका वेळ उघडा राहू शकतो; कप्पा लवकर तापतो, पण दर वेळी ओढून पाहिला की आतली गरम हवा निघून जाते, म्हणून सारखे डोकावणे टाळावे. सगळे बर्नर एकदम पेटवले की सिलिंडरमधला द्रव गॅस वेगाने उकळतो, सिलिंडर गार पडतो आणि दाब उतरतो. थंड हवेत किंवा सिलिंडर रिकामा होत आला असता हे लवकर जाणवते, तेव्हा ज्योत बारीक दिसली म्हणून लगेच रेग्युलेटरवर संशय घेऊ नये. शेगडी बंदिस्त जागेत मात्र कधीही पेटवू नये, कारण जळताना तयार होणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो.

कोणता पदार्थ कुठे, याबाबत माझे मत पक्के आहे. अंडी, कांदा, माशाचे पातळ तुकडे, खिमा आणि पीठ ओतून करायचे सगळे काही तव्यावरच करावे; ओली पालेभाजी टोपलीत टाकण्यात तर काहीच अर्थ नाही, कारण हलकी पाने वाऱ्याने उडतात आणि कडेला जळतात. बटाट्याचे जाड काप, हाडासकट कोंबडीचे तुकडे, चुऱ्यात घोळवलेले सगळे आणि आदल्या दिवशीचे मऊ पडलेले कुरकुरीत पदार्थ टोपलीत जावेत. दोन्ही एकाच जेवणात हवे असतील तर टोपली आधी लावावी. बटाटा निम्मा झाला की तव्याखालचे बर्नर पेटवावेत, आणि काप रंगू लागले की मगच तव्यावर अंडी फोडावीत, कारण तव्यावरचा पदार्थ दोन मिनिटे जास्त थांबू शकत नाही आणि टोपलीतला थांबू शकतो.