ऋतुनिवृत्तीकालीन निद्रानाश

पाळी कायमची थांबण्याच्या आगेमागे स्त्रियांना जडणारी झोपेची तक्रार. मध्यरात्रीनंतर झोप मोडणे व पुन्हा न लागणे, हे तिचे नेहमीचे रूप. सलग बारा महिने पाळी न आल्यास ऋतुनिवृत्ती झाली असे धरतात. सुश्रुतसंहितेत रजःक्षयाचे वय पन्नास दिले आहे. भारतीय पाहण्यांत ते सरासरी ४६-४७ च्या आसपास आढळते.

कारणाबाबत मतभेद आहेत. जुन्या मतानुसार इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक (हार्मोन) घटल्याने मेंदूतील तापमान-नियंत्रण हळवे होते, अंगातून वाफा निघतात आणि झोप मोडते. स्त्री पांघरूण फेकते, पंखा वाढवते, आणि घाम सुकताच हुडहुडी भरून तेच पांघरूण पुन्हा ओढते. मात्र फ्रीडमन व रोअर्स या संशोधकांना २००६ मध्ये असे दिसले, की पूर्वरात्री वाफ आधी व जाग नंतर असते, तर उत्तररात्री हा क्रम उलटतो. उत्तररात्री स्वप्ननिद्रा अधिक असते आणि तीत तापमान-नियमन मंदावते, असा त्यांचा खुलासा. अमेरिकेतील विस्कॉन्सिनच्या पाहणीत (२००३) तर ऋतुनिवृत्त स्त्रियांची यंत्राने मोजलेली झोप खालावलेली आढळली नाही. समाधान मात्र कमी होते. तक्रार त्यामुळे खोटी ठरत नाही. रात्रीचा प्रहर ध्यानात घेतल्यास पहिल्या दोन मतांतील विरोध बराच मावळतो.

बीजकोश (अंडाशय) शस्त्रक्रियेने काढल्यास ही लक्षणे एकाएकी व तीव्रतेने येतात.

उपचारांत निद्रानाशासाठीच्या बोधात्मक वर्तनोपचाराला, म्हणजे झोपेविषयीचे विचार व सवयी बदलण्याच्या उपचाराला, अग्रक्रम आहे. त्यात अंथरुणातील वेळ प्रत्यक्ष झोपेइतकाच ठेवतात. दहा ते सहा अंथरुणात असूनही साडेपाच तासच झोप मिळत असेल, तर साडेबाराला पडून सहालाच उठावयाचे. झोप सलग झाली की वेळ थोडीथोडी वाढवतात. सुरुवातीचे दिवस पेंगण्यात जातात. वाफांचा त्रास मोठा असल्यास संप्रेरके गुणकारी ठरतात. २००२ मधील अमेरिकी चाचणीत स्तनकर्काचा धोका पुढे आल्यावर त्यांचा वापर घसरला. फेझोलिनेटंट हे संप्रेरकविरहित औषध अमेरिकेत २०२३ मध्ये मान्य झाले. ते घेताना यकृताची तपासणी आवश्यक असते. जायफळ घातलेल्या दुधाचा प्रघात सर्वपरिचित आहे. या वयात घोरणे व झोपेत श्वास अडणे वाढते. निव्वळ निद्रानाश समजून झोपेच्या गोळ्या दिल्यास हे श्वास अडणे नजरेतून निसटते.