एकच ऊन, तीन आकडे

सूर्यास्तानंतर छतावरच्या सौर पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या इन्व्हर्टरच्या पडद्यावर दिवसभराची निर्मिती १८.४ युनिट दिसते, त्याच्या पुढे जोडलेल्या सौर निर्मितीच्या मीटरचा आकडा १८.० युनिटांनीच सरकलेला असतो आणि नेट मीटरच्या मते बाहेर गेली ती जेमतेम ११ युनिट. यांतले एखादे यंत्र बिघडले असावे असा संशय येणे साहजिक आहे. पण तिन्ही यंत्रे ठणठणीत असूनही असे घडू शकते.

नेट मीटरचे कोडे सोपे आहे. तो घर आणि वीजजाळे यांच्या वेशीवर बसतो, त्यामुळे दिवसा फ्रीजने किंवा पंपाने परस्पर वापरलेली ७ युनिट त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत.

खरी गंमत उरलेल्या ०.४ युनिटांत, म्हणजे सुमारे २ टक्क्यांत आहे. इन्व्हर्टर विद्युतप्रवाह आणि विद्युतदाब (व्होल्टेज) मोजतो तो मुख्यतः स्वतःचे काम सांभाळण्यासाठी, त्यामुळे त्याच्या मोजणीत काही टक्क्यांची चूक खपून जाते. बिलासाठीच्या ‘वर्ग १’ मीटरला मात्र ठरावीक परिस्थितीत सुमारे १ टक्क्याच्या आत राहावे लागते. काही इन्व्हर्टर तर पॅनेलकडून आलेली डीसी (एकाच दिशेने वाहणारी) वीजच दाखवतात, आणि तिचे घरात वापरल्या जाणाऱ्या एसीत (दिशा बदलत राहणाऱ्या विजेत) रूपांतर होताना साधारण २ ते ५ टक्के उष्णतेत जातात.

शिवाय इन्व्हर्टर आणि मीटर यांच्या मधली केबल आहेच. जाण्यायेण्याच्या तारांचा एकूण रोध ०.२ ओहम असेल आणि त्यांतून २० अँपिअर वाहत असतील, तर ४,६०० वॉटपैकी ८० वॉट तारा तापवण्यात खर्ची पडतात. प्रवाह दुप्पट झाला की ही गळती चौपट होते. म्हणूनच निव्वळ फरक न पाहता तो कसा बदलतो हे पाहावे: ढगाळ दिवशी आणि कडक उन्हात टक्केवारी सारखीच राहत असेल तर दोष बहुधा मोजणीतला, उन्हाबरोबर ती वाढत असेल तर संशय केबलवर, आणि एखादा जोड हाताला गरम लागेल असे वाटत असेल तर हात न लावता इलेक्ट्रिशियनला बोलावावे.

तारेभोवती अडकवायच्या स्वस्त क्लॅम्पची तऱ्हा आणखी वेगळी. त्यांतले अनेक फक्त प्रवाह मोजतात आणि दाब २३० व्होल्ट आहे असे गृहीत धरतात. प्रत्यक्षात तो २४५ असला तर आकडा ६ टक्क्यांनी कमी येतो. रात्री इन्व्हर्टरच्या फिल्टरमधील कपॅसिटर (वीज क्षणभर साठवून परत सोडणारे भाग) अर्धा अँपिअर प्रवाह इकडून तिकडे खेळवत राहतात, त्यात खर्च जवळपास काहीच नसतो, तरी असा क्लॅम्प मध्यरात्री ११५ वॉट सौर निर्मिती दाखवून मोकळा होतो!

मोबाइलवरचे अॅप दर पाच मिनिटांनी एकदा डोकावून त्या क्षणाच्या वॉटांवरून बेरीज करत असेल, तर मधले ढग त्याच्या हिशेबात नीट येत नाहीत आणि इंटरनेट बंद पडले तर तेवढा वेळ कोराच राहतो. इन्व्हर्टरचे घड्याळ चुकीचे असले, तर एका दिवसाची निर्मिती दुसऱ्या दिवसाच्या खात्यात पडते.

त्यामुळे रोजच्या आकड्यांची तुलना करण्यात फारसा अर्थ नाही. इन्व्हर्टर आणि निर्मिती मीटर या दोन्हींवरील एकूण युनिट एकाच संध्याकाळी, ऊन मावळल्यावर लिहून घ्यावीत, महिन्याने त्याच वेळी पुन्हा लिहावीत आणि दोन्ही वजाबाक्या शेजारी मांडाव्यात.