व्यावसायिक संकेतस्थळांची सुगम्यता

दृष्टी, श्रवण, हालचाल किंवा आकलन यांच्या मर्यादा असलेल्या ग्राहकाला दुकान, बँक, विमा, तिकीटविक्री अशा कोणत्याही व्यवसायाचे संकेतस्थळ इतरांइतकेच वापरता यावे, अशा रीतीने ते घडवण्याची पद्धत. मुखपृष्ठ वाचता आले एवढ्यावर हे काम संपत नाही. माल निवडण्यापासून पैसे भरेपर्यंतचा सारा व्यवहार ग्राहकाला स्वतःला, कुणाला पासवर्ड किंवा ओटीपी न सांगता, पुरा करता आला पाहिजे. खरी कसोटी हीच आहे.

२०११ च्या जनगणनेत भारतात २.६८ कोटी दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. त्यांपैकी सुमारे २९.६ लाख महाराष्ट्रात होत्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले, त्यामुळे आजच्या व्याख्येने हा आकडा अपुराच म्हणावा लागेल. मोतीबिंदू झालेले वृद्ध किंवा हात प्लास्टरमध्ये असलेला माणूस यांची तर त्यात गणतीच नाही, पण अडचण त्यांनाही तीच येते.

अंध व्यक्ती संगणकावर सहसा माऊस वापरत नाही. स्क्रीन रीडर हे सॉफ्टवेअर पानावरचा मजकूर बोलून दाखवते आणि वापरणारा कीबोर्डवरून पुढेमागे जातो. मायकेल करन आणि जेम्स तेह या दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी २००६ पासून घडवलेला एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर मराठीही वाचतो; बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक हा स्क्रीन रीडर आधीपासूनच असतो. हे सॉफ्टवेअर प्रामुख्याने पानामागची रचना वाचते, पडद्यावरचे चित्र नव्हे. एनव्हीडीएमध्ये ‘एच’ कळ दाबली की पुढचे शीर्षक येते, ‘बी’ दाबली की पुढचे बटण. पण शीर्षक नुसतेच ठळक आणि मोठ्या अक्षरांत लिहिले असेल, तर या सॉफ्टवेअरच्या दृष्टीने ते शीर्षक नसतेच. खरेदीच्या टोपलीचे चित्र टाकून बटण केले आणि त्याला नाव दिले नाही, तर ऐकणाऱ्याला एवढेच कळते की इथे एक नाव नसलेले बटण आहे.

म्हणून चित्राला पर्यायी मजकूर, म्हणजे चित्रात काय आहे ते सांगणारे कोडमधले शब्द, देणे हे या कामातले पहिले पाऊल मानतात. तो मजकूर ग्राहकाला निवड करायला उपयोगी पडणारा हवा. ‘उत्पादन १’ असे लिहून काहीच साधत नाही; ‘कोल्हापुरी चप्पल, गडद तपकिरी, वर गोंडा’ असे लिहिले तर विकत घेणाऱ्याला काही कळते. निव्वळ सजावटीच्या चित्राचा पर्यायी मजकूर मात्र मुद्दाम रिकामा ठेवावा, म्हणजे ऐकणाऱ्याचा वेळ जात नाही. सवलतीच्या किमतींत एक सापळा असतो. जुन्या किमतीवर मारलेली रेघ बरेचसे स्क्रीन रीडर सांगत नाहीत. ‘१२०० रुपये ८५० रुपये’ असे दोन आकडे लागोपाठ ऐकू येतात. तिथे ‘मूळ किंमत’ आणि ‘आताची किंमत’ हे शब्द लागतातच.

अडचणी अंधांच्याच असतात असे नाही. हात थरथरणाऱ्या माणसाला चिमुकली बटणे नेमकी दाबता येत नाहीत. कर्णबधिर ग्राहकाला व्हिडिओखाली मजकूर हवा. ‘लाल रंगातले रकाने भरा’ ही सूचना रंगांधळेपणा असलेल्याला निरुपयोगी ठरते. कोणता रकाना चुकला आणि काय चुकले, हे शब्दांत सांगावे लागते. कीबोर्डने फिरताना आपण कुठे आहोत हे दाखवणारी चौकट ‘दिसायला बरी नाही’ म्हणून डिझाइनर सर्रास काढून टाकतात. माऊस न वापरणाऱ्याचे त्याने मोठेच नुकसान होते.

मराठी संकेतस्थळांची पहिली अट युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी जागतिक पद्धत, ही आहे. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण आत रोमन अक्षरे आणि चिन्हे असतात. स्क्रीन रीडर तीच निरर्थक वाचत सुटतो. दरपत्रक किंवा सणाची सवलत नुसत्या चित्ररूपात टाकली, तर तेवढेही ऐकू येत नाही. पानाची भाषा मराठी असल्याची खूण कोडमध्ये नसेल, तर मराठी मजकुरावर इंग्रजी आवाज चालवला जाण्याचा धोका राहतो. इंग्रजी पानावरून उचललेली अक्षरांमधली मोकळी जागा देवनागरीत शिरोरेषा तोडते आणि दोन ओळींत अंतर कमी पडले की वेलांट्या-रफार कापले जातात. अल्पदृष्टी असलेल्या वाचकाला हे फार जाचते.

वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या वेबची मानके ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९७ मध्ये सुगम्यतेसाठी स्वतंत्र उपक्रम सुरू केला. त्याची मार्गदर्शक तत्त्वे, म्हणजे डब्ल्यूसीएजी, १९९९ मध्ये आली. दुसरी आवृत्ती २००८ ची, तर २.२ ही ऑक्टोबर २०२३ ची. ए, एए आणि एएए या वाढत्या काटेकोरपणाच्या तीन पातळ्यांपैकी व्यवसायांकडून साधारणपणे एए अपेक्षित असते. त्यानुसार नेहमीच्या आकाराचा मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातल्या तफावतीचे गुणोत्तर किमान ४.५:१ लागते. पांढऱ्यावरचा फिकट राखाडी मजकूर इथेच नापास होतो. २.२ ने बटणांसाठी किमान २४ गुणिले २४ पिक्सेल जागा सांगितली (काही अपवाद सोडून), आणि लॉगिनसाठी स्मरणशक्तीची परीक्षा नको असेही ठरवले. पासवर्ड किंवा ओटीपी चिकटवण्याची सोय बंद करणारी पाने या निकषात बसत नाहीत.

भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ सरकारी आणि खासगी अशा दोन्ही सेवा देणाऱ्यांना लागू आहे. पहिल्या उल्लंघनाला १०,००० रुपयांपर्यंत, पुढच्यांना ५० हजार ते ५ लाख रुपये दंडाची तरतूद आहे. माहिती तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेसाठी आयएस १७८०२ हे भारतीय मानक आहे. तरीही अनेक वर्षे नियम कागदावरच राहिले. ‘राजीव रतुरी’ प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला बंधनकारक किमान निकष ठरवायला सांगितले. त्याहून थेट परिणामाचा निकाल ३० एप्रिल २०२५ चा, ‘प्रज्ञा प्रसून’ प्रकरणातला. ॲसिड हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्या व्यक्तींना ऑनलाइन केवायसीत (ग्राहकाची ओळख पटवण्याच्या प्रक्रियेत) ‘पापण्यांची उघडझाप करा’ ही अट पाळता येत नव्हती, आणि अंध ग्राहकांनाही तीच प्रक्रिया स्वतःहून पुरी करता येत नव्हती. डिजिटल सेवा वापरता येणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे म्हणत न्यायालयाने २० निर्देश दिले. त्याच वर्षी जुलैत सेबी या भांडवली बाजाराच्या नियामक संस्थेने आपल्या नियंत्रणाखालील संस्थांसाठी परिपत्रक काढले. दलाल आणि म्युच्युअल फंडांची संकेतस्थळे व ॲप्स त्यात येतात.

अमेरिकेत हा प्रश्न बहुतांशी न्यायालयांतूनच पुढे गेला. संकेतस्थळ अंधांना वापरता येत नाही या दाव्यात टार्गेट या दुकानसाखळीने अंधांच्या राष्ट्रीय महासंघाशी २००८ मध्ये ६० लाख डॉलरची तडजोड केली. युरोपीय संघाचा सुगम्यता कायदा २८ जून २०२५ पासून लागू झाला. अगदी लहान व्यवसाय सोडले, तर तिथल्या ग्राहकांना ऑनलाइन माल विकणाऱ्या भारतीय व्यवसायांनाही तो टाळता येत नाही.

कोडची एक ओळ जोडा आणि संकेतस्थळ आपोआप सुगम्य करा, असे सांगून विकली जाणारी सॉफ्टवेअर साधने घेऊ नयेत. असा दावा करणाऱ्या ॲक्सेसिबी या कंपनीला अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने २०२५ मध्ये १० लाख डॉलर भरायला लावले. स्वयंचलित तपासणी उपयोगी आहे, पण पर्यायी मजकुराबाबत तो आहे की नाही एवढेच ती सांगते. तो अर्थपूर्ण आहे का, हे माणसालाच ठरवावे लागते. माऊस बाजूला ठेवून एक खरेदी शेवटपर्यंत करून पाहणे ही सर्वांत स्वस्त चाचणी. अक्षरे दुपटीने मोठी करून आणि टॉकबॅक चालू करूनही तीच खरेदी करावी. यापुढची तपासणी मात्र रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्या व्यक्तींकडून, रीतसर मोबदला देऊन करून घ्यावी. नवी सजावट किंवा नवे पेमेंट पान आले की तपासणी पुन्हा लागते, कारण चालू असलेली सोय बहुधा अशाच बदलात मोडते. तक्रारीसाठी फोन क्रमांकासोबत ईमेल किंवा संदेशाची सोय ठेवावी. नुसता फोन कर्णबधिर ग्राहकाच्या उपयोगाचा नाही.