दाराशी कोळसा, म्हणून वीज स्वस्त?

चंद्रपूर, वणी, उमरेड या पट्ट्यातील गावांत एक समज पक्का रुजला आहे: कोळसा आपल्याच मातीतून निघतो, म्हणून औष्णिक वीज स्वस्त आणि सौरवीज म्हणजे अनुदानावरची चैन. 2010 च्या सुमारास हे खरेच होते. राष्ट्रीय सौर अभियानाच्या पहिल्या लिलावांत सौरविजेचा दर युनिटला 11-12 रुपयांच्या घरात होता. 2017 साली राजस्थानातील भडला येथे तो 2 रुपये 44 पैशांवर आला, समज मात्र जागचा हलला नाही.

खाण जवळ असली तरी कोळसा फुकट मिळत नाही. चंद्रपूरच्या 2920 मेगावॉटच्या केंद्राला तो सतत विकत घ्यावा लागतो आणि वाहतूक, स्वामित्वधन (खनिजापोटी सरकारला द्यायची रॉयल्टी) व राखेची विल्हेवाट यांचा भार वेगळाच असतो. सौर प्रकल्पात बहुतेक खर्च सुरुवातीलाच होतो आणि पुढे सुमारे 25 वर्षे इंधनाचे बिल येत नाही. त्यामुळे तेथे कर्जाचा व्याजदर निर्णायक ठरतो (उन्हाची वानवा विदर्भाला कधीच नव्हती).

रात्रीच्या विजेचा आक्षेप रास्त आहे, कारण बॅटरी जोडली की खर्च वाढतो. परंतु हरभऱ्याचे ओलित दिवसाच करता येते. उलट रानडुकरांच्या आणि वाघाच्या धास्तीने रात्री मोटर सुरू करायला जाणे कोणालाच नको असते.

राहिला अनुदानाचा मुद्दा. शेतीपंपाचे बिल कमी येते ते कोळशामुळे नव्हे, तर सरकारी अनुदानामुळे आणि उद्योगांकडून घेतल्या जाणाऱ्या चढ्या दरामुळे.