वृद्धचिकित्सा : फेलोशिप प्रशिक्षण आणि डॉक्टरांची कारकीर्द

वृद्धचिकित्सा किंवा जेरियाट्रिक्स ही उतारवयातील माणसांच्या आरोग्याला वाहिलेली वैद्यकशाखा आहे. अमेरिकेत तिचा तज्ज्ञ होण्यासाठी वैद्यकीय पदवीनंतर इंटर्नल मेडिसिन (प्रौढांचे आजार) किंवा फॅमिली मेडिसिनची तीन वर्षांची रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयात काम करत घेतलेले प्रशिक्षण, आणि त्यावर एक वर्षाची फेलोशिप, म्हणजे खास या शाखेचे पुढचे प्रशिक्षण, करावे लागते. फेलोशिपनंतर मूळ विषयाच्या बोर्डाची, म्हणजे प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळाची, वृद्धचिकित्सेची परीक्षा उत्तीर्ण झाली की प्रमाणपत्र मिळते. ही नोंद मुख्यतः या अमेरिकी वाटेविषयी आहे. भारतातील वाट बरीच निराळी असल्याने तिचा विचार शेवटी केला आहे.

एकाच माणसाला मधुमेह, गुडघेदुखी, मंद झालेले मूत्रपिंड, कमी ऐकू येणे आणि हल्लीच सुरू झालेला विसराळूपणा हे सगळे एकदम असते, तेव्हा पाच तज्ज्ञांच्या पाच चिठ्ठ्या एकमेकींना छेद देतात. अशा वेळी कोणते उपचार करायचे, कोणते थांबवायचे आणि त्या माणसाला स्वतःला काय हवे आहे, हे ठरवणारा डॉक्टर घडवणे हे या फेलोशिपचे काम आहे. ते फार मोलाचे आहे. अमेरिकेच्या आरोग्यव्यवस्थेने मात्र त्याला योग्य दाम दिलेला नाही. या शाखेचे बहुतेक प्रश्न याच तफावतीतून निघाले आहेत.

पूर्वपीठिका

जेरियाट्रिक्स हे नाव मूळचे व्हिएन्नाचे, न्यूयॉर्कमध्ये व्यवसाय करणारे डॉक्टर इग्नाट्स नाशर यांनी १९०९ मध्ये दिले. मुलांसाठी बालरोगशास्त्र आहे, तशी वृद्धांसाठीही स्वतंत्र शाखा हवी, असा त्यांचा आग्रह होता. ‘म्हातारपण आहे, चालायचेच’ असे म्हणून रुग्णाला परत पाठवणे त्यांना मान्य नव्हते. १९१४ मध्ये त्यांनी या विषयावर ग्रंथ लिहिला, पण त्यांच्या हयातीत शाखा फारशी रुजली नाही.

प्रत्यक्ष काम उभे राहिले ते इंग्लंडमध्ये. १९३५ मध्ये लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयातील डॉक्टर मार्जरी वॉरन यांच्याकडे शेजारच्या अनाथ-गरिबांच्या आश्रयगृहाचा दवाखाना आला. तिथे सातशेहून अधिक रुग्ण होते, त्यांपैकी अनेक वर्षानुवर्षे खाटेला खिळलेले. वॉरन यांनी प्रत्येकाला नीट तपासले, आजारांप्रमाणे गट पाडले, वॉर्डात उजेड आणला, भिंतींना रंग दिले आणि रुग्णांना उठवून चालवायला सुरुवात केली. ‘आता काही होणार नाही’ असा शेरा मिळालेली कितीतरी माणसे चालू लागली आणि घरी गेली. डॉक्टर, परिचारिका, फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि समाजसेवक यांनी मिळून रुग्ण पाहायचा, ही पद्धत तिथेच आकाराला आली. आजही फेलोशिपचा पाया हीच पद्धत आहे.

अमेरिकेत जेरियाट्रिक्सची संघटना १९४२ मध्ये स्थापन झाली. १९६५ मध्ये मेडिकेअर हा वृद्धांचा सरकारी आरोग्यविमा आला आणि त्यानंतर लवकरच न्यूयॉर्कमध्ये डॉक्टर लेस्ली लिबो यांनी देशातील पहिली फेलोशिप सुरू केली. वयावरून माणसाला कमी लेखण्याच्या वृत्तीला ‘एजिझम’ हे नाव देणारे मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर हे राष्ट्रीय वार्धक्य संशोधन संस्थेचे पहिले संचालक झाले. १९८२ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय वैद्यकीय महाविद्यालयात या विषयाचा स्वतंत्र विभाग काढला. अमेरिकी वैद्यकीय महाविद्यालयातला हा अशा प्रकारचा पहिला विभाग होता. तज्ज्ञतेची पहिली परीक्षा १९८८ मध्ये झाली. फेलोशिप सुरुवातीला दोन वर्षांची होती. डॉक्टर येईनात म्हणून नव्वदच्या दशकात ती एक वर्षावर आणली गेली. ज्याला संशोधनाकडे वळायचे असते तो आजही दुसरे, कधी तिसरे वर्ष थांबतो.

फेलोशिपचे वर्ष

या वर्षात फेलो, म्हणजे फेलोशिप करणारा डॉक्टर, एका वॉर्डात बसून राहत नाही. रुग्णालयात तो इतर विभागांना सल्ला देतो, स्वतःची बाह्यरुग्ण ओपीडी वर्षभर चालवतो, नर्सिंग होममधील ठरावीक रुग्णांना महिनोन्‌महिने पाहत राहतो, पुनर्वसन केंद्रात, हॉस्पिसमध्ये (आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांच्या शुश्रूषाकेंद्रात) आणि वृद्धांच्या मनोविकार विभागात काम करतो. शिवाय तो रुग्णांच्या घरीही जातो, आणि घरभेटीत जे दिसते ते ओपीडीत कधीच दिसत नाही. न्हाणीघराच्या दारातला उंबरा, पायात अडकणारी सतरंजी, फ्रिजमध्ये आठवडाभर पडून राहिलेले अन्न, न उघडलेल्या औषधांच्या बाटल्या. पडण्याचे कारण बऱ्याचदा मेंदूच्या स्कॅनमध्ये नसते, ते त्या सतरंजीत असते.

प्रशिक्षणाचा कणा म्हणजे सर्वांगीण मूल्यमापन. अंघोळ, कपडे घालणे, शौचाला जाणे, खाटेवरून उठणे-बसणे, मलमूत्रावर ताबा आणि जेवणे ही सहा कामे माणूस स्वतः करू शकतो का, हे मोजण्याची पट्टी सिडनी कॅट्झ आणि सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये मांडली. फेलोला ती तोंडपाठ असते. चाल पाहण्याची चाचणी तर अगदी साधी आहे. खुर्चीतून उठायचे, तीन मीटर चालायचे, वळायचे, परत येऊन बसायचे. बारा सेकंदांहून जास्त वेळ लागला तर पडण्याचा धोका आहे असे धरतात. पण मुरलेला शिक्षक फेलोला घड्याळाकडे कमी आणि माणसाकडे जास्त पाहायला सांगतो. उठताना हातांचा टेकू घेतला का, वळताना पावले बारीक झाली का, चालताना बोलणे थांबले का.

औषधांची पिशवी हा या वर्षातला सर्वांत मोठा धडा म्हणता येईल. पहिल्या भेटीला येताना घरातली सगळी औषधे पिशवीत घालून आणायला सांगतात. प्रशिक्षणात नेहमी दिले जाणारे उदाहरण पाहू. ऐंशी ओलांडलेल्या आजींना रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन सुरू असते. त्याने घोट्यांवर सूज येते. ती हृदयाची सूज समजून कोणीतरी लघवी वाढवणारी गोळी देतो. आता रात्रीतून चार वेळा उठावे लागते आणि कपडे ओले होतात, म्हणून मूत्राशय आवरण्यासाठी ऑक्सिब्युटिनिन येते. तिने तोंड कोरडे पडते, पोट साफ होत नाही आणि बोलण्यात गोंधळ सुरू होतो. घरचे म्हणतात, आजींना आता काही आठवत नाही. मग स्मृतिभ्रंशाची गोळी लिहिली जाते आणि तिच्यामुळे लघवीचा त्रास आणखी वाढू शकतो. फेलोने ही साखळी उलटी वाचत पहिल्या गोळीपर्यंत जायचे असते. वृद्धांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची यादी मार्क बीअर्स यांनी १९९१ मध्ये प्रथम केली. ती वेळोवेळी सुधारली जाते आणि फेलोच्या रोजच्या वापरात असते. गोळी बंद करणे हे सुरू करण्याइतकेच कौशल्याचे काम आहे, किंबहुना जास्तच, कारण ती दुसऱ्या डॉक्टरने लिहिलेली असते आणि रुग्णाचा तिच्यावर विश्वास बसलेला असतो.

या पद्धतीचा फायदा केवळ श्रद्धेचा विषय नाही. लॉस एंजेलिसच्या सेपुलवेडा येथील माजी सैनिकांच्या रुग्णालयात लॉरेन्स रुबेनस्टाइन यांनी केलेल्या चाचणीचे निष्कर्ष १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले. वृद्धचिकित्सा कक्षात दाखल झालेल्यांपैकी वर्षभरात सुमारे २४ टक्के रुग्ण दगावले, तर नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी सुमारे ४८ टक्के. पुढे शॅरन इनोये यांनी रुग्णालयात दाखल वृद्धांना भ्रम (डिलिरियम, म्हणजे अचानक उद्भवणारा मानसिक गोंधळ) होऊ नये म्हणून चष्मा आणि श्रवणयंत्र जवळ देणे, रात्री झोप मोडू न देणे, दिवसा चालवणे, पाणी पाजणे असे साधे उपाय एकत्र बांधले. १९९९ च्या त्यांच्या अभ्यासात भ्रमाचे प्रमाण १५ टक्क्यांवरून सुमारे १० टक्क्यांवर आले.

पुढच्या वाटा

फेलोशिपनंतर बरेच जण विद्यापीठांच्या रुग्णालयांत शिकवण्याचे आणि रुग्ण पाहण्याचे काम धरतात. माजी सैनिकांच्या आरोग्यसेवेत या तज्ज्ञांना पूर्वीपासून मान आहे. घरी जाऊन उपचार करणारी तिची पथके नावाजलेली आहेत. काही जण नर्सिंग होमचे वैद्यकीय संचालक होतात. काही ‘पेस’ या योजनेत जातात. सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमधील ऑन लोक संस्थेने सत्तरच्या दशकात या योजनेचा पाया घातला. नर्सिंग होममध्ये ठेवावे लागेल अशा अवस्थेतल्या वृद्धांना घरीच राहता यावे म्हणून दिवसाचे केंद्र, वाहतूक, औषधे आणि डॉक्टर सगळे एकाच छताखाली पुरवले जाते. खुब्याचे हाड मोडलेल्या रुग्णांना अस्थिशल्यविशारदांच्या बरोबरीने पाहणे, स्मृती चिकित्सालय चालवणे, वृद्धांसाठी खास सज्ज केलेले तातडीचे विभाग उभारणे, हीदेखील वाढती क्षेत्रे आहेत. आणखी एक वर्ष देऊन वेदनाशामक उपचारांची म्हणजे पॅलिएटिव्ह केअरची फेलोशिप करणारेही बरेच असतात. वृद्धांच्या मनोविकारांची फेलोशिप मात्र निराळी असून तिच्यासाठी आधी मनोविकारशास्त्राची रेसिडेन्सी लागते.

एवढ्या वाटा असूनही फेलोशिपच्या जवळपास निम्म्या जागा दरवर्षी रिकाम्या राहतात. संपूर्ण अमेरिकेत प्रमाणपत्रधारक तज्ज्ञ सुमारे सात हजार आहेत. कारण सरळ आहे. मेडिकेअर एखाद्या प्रक्रियेला, उदाहरणार्थ दुर्बिणीच्या तपासणीला, भरपूर पैसे देते. एका आजोबांशी आणि त्यांच्या मुलीशी पाऊण तास बोलून चार गोळ्या बंद करण्याला फार कमी. परिणामी एक वर्ष जास्त शिकलेल्या डॉक्टरचे उत्पन्न फेलोशिप न केलेल्या इंटर्नल मेडिसिनच्या डॉक्टरपेक्षा पुष्कळदा कमी असते. वैद्यकीय शिक्षण संपवताना डोक्यावर सुमारे दोन लाख डॉलरचे कर्ज असलेल्या तरुणाने दुसरीकडे पाहिले तर त्याला दोष देता येत नाही. दोष दर ठरवणाऱ्यांचा आहे. तरीही २००२ च्या एका मोठ्या पाहणीत आपल्या कामावर सर्वाधिक समाधानी असलेल्या डॉक्टरांत वृद्धचिकित्सकांचा समावेश होता.

रिकाम्या जागांमुळे परदेशी पदवीधरांना ही शाखा तुलनेने खुली आहे, आणि फेलोंमध्ये त्यांचा वाटा मोठा आहे. भारतातून, त्यात महाराष्ट्रातूनही, एमबीबीएस करून गेलेल्या डॉक्टरांनी जे-१ या प्रशिक्षणासाठीच्या व्हिसाचा नियम आधीच समजून घ्यावा. प्रशिक्षण संपल्यावर दोन वर्षे मायदेशी परतावे लागते, किंवा डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षे सेवा देऊन सूट मिळवावी लागते. सूट मिळवण्यासाठी ठिकाण शोधायचे काम फेलोशिपच्या त्याच एका वर्षात उरकावे लागते, म्हणून धावपळ फार होते.

भारतातील वाट

भारतात फेलोशिपऐवजी थेट एमडी आहे. एमबीबीएसनंतर नीट-पीजी परीक्षेतून प्रवेश घेऊन तीन वर्षांत जेरियाट्रिक मेडिसिनची एमडी किंवा तिच्याशी समकक्ष डीएनबी ही पदव्युत्तर पदवी पूर्ण करता येते. सुरुवात मद्रासमध्ये झाली. डॉक्टर व्ही. एस. नटराजन यांनी तेथील सरकारी रुग्णालयात १९७८ मध्ये वृद्धांची ओपीडी काढली आणि १९९६ मध्ये मद्रास मेडिकल कॉलेजात देशातला पहिला एमडी अभ्यासक्रम सुरू झाला. दिल्लीच्या एम्समध्ये स्वतंत्र विभाग २०१२ मध्ये आला. दरम्यान २०१० मध्ये केंद्र सरकारने वृद्धांसाठी राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रम हाती घेतला. त्यात निवडलेल्या पहिल्या आठ प्रादेशिक केंद्रांत मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज आणि जे. जे. रुग्णालय होते. जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा वृद्ध कक्ष असावा, असेही या कार्यक्रमात ठरले. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही या विषयाचे एमडी आहे. आधीच व्यवसायात असलेल्या एमबीबीएस डॉक्टरांसाठी इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाची पदविका आहे.

२०११ च्या जनगणनेत साठीपुढच्यांचे प्रमाण महाराष्ट्रात ९.९ टक्के आणि गोव्यात ११.२ टक्के होते. त्या मानाने एमडीच्या जागा नगण्य आहेत. एमडी झालेले डॉक्टर वैद्यकीय महाविद्यालयांत शिकवतात, कॉर्पोरेट रुग्णालयांत काम करतात, स्मृती चिकित्सालये चालवतात. पुण्या-मुंबईत मुले परदेशी असलेल्या आईवडिलांच्या घरी जाऊन तपासणी करण्याची आणि त्या मुलांना फोनवर सगळे समजावून सांगण्याची मागणी मोठी आहे. सरकारी सेवेत मात्र या पदवीधरांसाठी स्वतंत्र पदे मोजकीच आहेत, त्यामुळे जिल्ह्याच्या ठिकाणी रुजू झालेल्या तज्ज्ञाला पुष्कळदा जनरल मेडिसिनच्या वॉर्डातच काम करावे लागते.