कासव बुडतं कसं? आणि गळाचं टोक आत का वळवायचं?

"पान्यातच रायते तं बुडन कसं, सर?" मासेमारीत समुद्री कासवं गुदमरून मरतात, असं वर्गात सांगितलं की भंडाऱ्याकडच्या आमच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या गावांत हा प्रश्न हमखास येतो. प्रश्न रास्तच आहे. कासवाला कल्ले नसतात, आपल्यासारखी फुप्फुसं असतात. निवांत पडलेलं समुद्री कासव तासन्‌तास श्वास रोखून राहतं. पण गळाला लागून धडपडू लागलं की प्राणवायू भराभर संपतो, रक्तात आम्ल साचतं, आणि वर यायची वाट बंद असेल तर ते बुडून मरतं.

किनाऱ्यापासून दूर खोल समुद्रात ट्यूना आणि तलवारमासा पकडायला लाँगलाइन सोडतात. पन्नास-साठ किलोमीटर लांब दोर, त्याला हजारभर गळ. कासवं बहुतेक वेळ वरच्या चाळीसएक मीटरांत असतात, म्हणून तलवारमाशासाठी उथळ सोडलेल्या दोराला ती जास्त लागतात. दोर खोल सोडला तर कमी लागतात, पण जे लागतं त्याला हवा घ्यायला वर येताच येत नाही.

आता माझ्या आवडीचा भाग. समुद्री कासवाच्या अन्ननलिकेत आतून पोटाच्या दिशेने वळलेले टोकदार काटे असतात. खाल्लेलं भक्ष्य धरून ठेवायचं आणि खारं पाणी तेवढं बाहेर टाकायचं, ही त्यांची कामगिरी. त्यामुळे गिळलेला घास परतत नाही. नेहमीचा गळ इंग्रजी 'जे' अक्षरासारखा. त्याचं टोक दांडीला समांतर, वर रोखलेलं. कासवाने तो गिळला आणि दोर ताणला गेला की टोक थेट अन्ननलिकेत रुततं.

त्याऐवजी वापरतात तो वर्तुळगळ (सर्कल हुक). त्याचं टोक दांडीच्या दिशेने काटकोनात आत वळवलेलं असतं. शिंगं आत वळलेला बैल ढुशी देतो, पण टोक अंगात घुसत नाही, तसंच हे. ताण आला की गळ आतल्या मांसाला न अडकता घसरत वर येतो. दांडी तोंडाबाहेर पडली की गळ जबड्याच्या कोपऱ्यावर फिरतो आणि टोक तिथे बसतं. तिथून तो काढणं सोपं. शिवाय रुंद गळ मुळात गिळायलाच कठीण. लेदरबॅक कासव आमिष खाण्यापेक्षा वल्ह्यासारख्या पायांतच गळ अडकवून घेतं. आत वळलेलं टोक तिथेही कमी लागतं.

आमिषाचंही तसंच. माकुलाचं (स्क्विडचं) मांस चिवट, रबरासारखं; लॉगरहेड कासव ते गळासकट गिळून टाकतं. बांगड्याच्या जातीचा मासा लावला तर तुकडे तोडत खातं. कासवांपायी बंद पडलेली हवाई बेटांवरची तलवारमाशांची मासेमारी २००४ मध्ये रुंद वर्तुळगळ आणि माशाचं आमिष या अटींवर पुन्हा सुरू झाली. लॉगरहेड लागण्याचं प्रमाण ९० टक्क्यांनी, लेदरबॅकचं ८३ टक्क्यांनी उतरलं. तलवारमासा उलट थोडा जास्त मिळाला, पण ट्यूना निम्म्यावर आला. म्हणून 'एक गळ बदला, कासव वाचवा' या घोषणेवर माझा भरवसा नाही. ट्यूनावर पोट असलेल्याला ही अदलाबदल परवडत नाही.

आपल्याकडे कासवाचा जीव आणखी एका कारणाने जातो. वीस नखांचं कासव मिळालं की गुप्तधन सापडतं, म्हणे! मऊ पाठीच्या कासवाला प्रत्येक पायाला तीन, म्हणजे बाराच नखं. मोठ्या लेदरबॅकला एकही नाही; मग त्याच्यामुळे घरावर कर्ज चढायला हवं. असं कासव पकडणं वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, ते वेगळंच.

आणि वर्तुळगळ तलावात कामाचा नाही, कारण तिथे कासव गळाला कमी आणि रात्रभर बुडवून ठेवलेल्या जाळ्यात जास्त अडकतं. पिशवीसारखं जाळं असेल तर आत तरंगता डबा टाकून त्याचा वरचा भाग पाण्याबाहेर ठेवायचा, म्हणजे कासवाला नाक वर काढता येतं. सरळ भिंतीसारखं जाळं असेल तर तेही चालत नाही. ते रात्रीतून उठून पाहावंच लागतं.